तीन पट्ट्यांचं तेल

चनबसप्पा गेले तेव्हा शुक्रवार पेठेतल्या बऱ्याच जणांनी दुकानं बंद ठेवली. मी ठेवलं नाही. माझं दुकान म्हणजे त्यांचंच जुनं दुकान, आणि गिऱ्हाईक दारात मोटार उभी करून वाट बघत होतं. प्रेत समोरून गेलं, मी उठून हात जोडले आणि पुन्हा तेल मोजायला बसलो. लोक त्यावरून बोलले. बोलू देत. मी त्यांच्याबद्दल बरं बोलणार नाही आणि खोटंही बोलणार नाही. खोट्याचं काय होतं ते मी त्यांच्याच दुकानात शिकलो.

चनबसप्पांची ओळख सांगायची तर त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्यापासून सुरुवात करावी लागेल. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, पोट सुटलेलं, आवाज बारीक, असे शंभर व्यापारी सोलापुरात होते. असा अंगठा एकाचाही नव्हता. मोटारी येण्याच्या आधी तीस वर्षं ते खायचं तेल विकत होते. करडईच्या तेलाचा थेंब अंगठ्यावर घ्यायचे, पहिलं बोट त्यावर टेकवून हळूच उचलायचे, मधली तार किती लांबते ते बघायचे आणि तेल कुठल्या घाण्याचं, कधीचं, त्यात काय मिसळलंय ते सांगायचे. बोलणं झालं की अंगठा धोतराला पुसायचे. त्यामुळे त्यांचं धोतर मांडीपाशी कायम पिवळं असे. पुढे सोलापुरातून चारी दिशांना माणसं वाहणाऱ्या सर्व्हिस मोटारी धावायला लागल्या, तेव्हा त्यांनी मोटारीच्या तेलाची एजन्सी घेतली. दुकानाच्या डाव्या हाताला शेंगदाण्याचं, करडईचं आणि एरंडेल, उजव्या हाताला मोटारीचं. अंगठा तोच. मांडीपाशी धोतर मात्र आता काळं झालं.

मोटारीच्या तेलाची तीन पिंपं होती. त्यांवर इंग्रजी छापलेलं असे, ते कोणालाच वाचता येत नसे. चनबसप्पांनी त्यावर चुन्याने पट्ट्या ओढल्या. एका पट्टीचं तेल पातळ, करडईच्या तेलासारखं. दोन पट्ट्यांचं मधलं. तीन पट्ट्यांचं दाट, काकवीसारखं. ज्याने कधी मोटार पाळली नाही त्याच्यासाठी सांगतो. नवं इंजिन घट्ट असतं, त्याला पातळ तेल पुरतं, थंडीत तर तेच लागतं. इंजिन झिजलं की आत फटी पडतात. पातळ तेल त्या फटींतून निसटतं, धुरावाटे जळून जातं आणि धातू धातूवर घासायला लागतो. त्यात आपल्याकडचा उन्हाळा आणि मोटार माणसांनी ठासलेली, मग तेल पाण्यासारखं होतं. अशा मोटारीला दाट तेल हवं. चुकीचं तेल म्हणजे मोटारीला विष, आणि ते आपल्याच हाताने घालायचं.

कुठल्या मोटारीला किती पट्ट्या, हे चनबसप्पांइतकं कोणाला कळत नव्हतं. पण ते सांगत नसत. ते तीन गोष्टी विचारत. कुठं जातोस, माणसं किती भरतोस, धूर कसला सोडते. उत्तर आलं की ते त्या उत्तराला लागू पडेल ते तेल देत. ऐकायला किती सरळ वाटतं. पण दुकानात कायम दहा माणसं बाकड्यावर बसलेली. निम्मे मोटारवाले, त्यांतला एखादा तुमची मोटार विकत घ्यायला टपलेला, एखादा तुमची लाइन पळवायला. चहाला येणारा पोलीस जमादार बहुतेक तिथंच. परमिट बारा माणसांचं आणि भरायची वीस, हे सगळेच करत. ते जमादारासमोर कोण सांगेल? स्वतःची मोटार म्हातारी झाली, निळा धूर सोडते, असं धंद्यातल्या माणसांसमोर कोण कबूल करेल? प्रत्येक जण सांगायचा, बारा भरतो आणि मोटार फुलासारखी आहे. चनबसप्पा मान डोलवायचे आणि फुलासारख्या मोटारीचं तेल द्यायचे. महिन्याभराने तो माणूस इंजिन गेलं म्हणून रडत आला की त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

"तू सांगितलीस त्या मोटारीचं तेल दिलं की. तुझी मोटार कसली हाय, मला काय ठाऊक?"

ठाऊक सगळं होतं. दुकानाच्या मागे एक खड्डा होता. मोटार त्यावर उभी करायची, गरम असतानाच खालचं बूच उघडून जुनं तेल परातीत सोडायचं, मगच नवं मिळायचं. जुनं तेल ते बैलगाडीवाल्यांना वंगण म्हणून विकत. पण आधी त्यात अंगठा बुडवत. इंजिनाने भोगलेलं सगळं त्या तेलात उतरलेलं असतं. त्यांना ते माणसाच्या तोंडाकडे बघावं तसं दिसत असे. बघायचे, धोतराला पुसायचे आणि खोट्या उत्तराचं तेल मोजायचे.

एका वकिलाने नवीकोरी मोटार घेतली होती. तो घर, कोर्ट आणि क्लब यांच्या पलीकडे जात नसे. पण बाकड्यावरच्या लोकांना ऐकू जावं म्हणून म्हणाला की आठवड्याला विजापूर असतं, पुण्याला तर नेहमीचंच. चनबसप्पांनी त्याला तीन पट्ट्यांचं दिलं. पौषातल्या एका पहाटे ते तेल इंजिनात तुपासारखं थिजलं. वकिलाने सगळं अंग टाकून हँडल मारलं, ते उलटं आलं आणि मनगट मोडलं. चनबसप्पा पेरू घेऊन त्याला भेटायला गेले. उशाशी बसून विचारलं म्हणे, विजापूरला आता कोण जातंय?

दुसरा अक्कलकोटकडचा एक लॉरीवाला. त्याने डोकं चालवलं. एका पट्टीच्या तेलात एरंडेल ओतलं की ते दाट होईल, तीन पट्ट्यांचं घ्यायला नको. आणि एरंडेल घ्यायला आला तो याच दुकानात, डाव्या हाताला. चनबसप्पांनी काळजीने विचारलं, पोट बिघडलंय काय. तो व्हय म्हणाला. डबाभर एरंडेल मागितलंस ते, असं विचारल्यावर म्हणाला, घरातल्या सगळ्यांचंच बिघडलंय. त्यांनी डबा भरून दिला, वर सुंठही घे म्हणाले. त्या दोन तेलांचा मेळ बसत नाही, तापलं की एरंडेलाचा डिंक होतो. पंधरा दिवसांनी लॉरीवाला इंजिन धुवायला घासलेट न्यायला आला तेव्हा दुकान भरलेलं होतं. चनबसप्पा म्हणाले, "अजून साफ झालं न्हाय व्हय पोट? आता घासलेट पाजतो काय घरच्यांना?" लोक बाकड्यावरून पडेपर्यंत हसले. मीही हसलो. तेव्हा माझी पाळी यायची होती.

एकच माणूस मी खरं बोललेला पाहिला. नरसय्या, विणकरांच्यातला, हातमागाची लुगडी आणि बाजाराची माणसं वाहायचा. साधा माणूस. तो जमादारासमोरच पुटपुटला की मोटार मेलीय अण्णा, बावीस भरतो. चनबसप्पांनी कानाला हात लावला. "ऐकू न्हाय आलं, तम्मा. जमादारसाहेब बसलेत, त्यांना बी ऐकू जाऊ दे." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. कोणाचं सालटं काढायचं असलं की ते त्याला तम्मा म्हणत. नरसय्याकडून त्यांनी ते तीनदा वदवून घेतलं. जमादाराने त्याला तिथंच दंड ठोकला. नरसय्या डोळे पुसत होता, तेव्हा चनबसप्पा स्वतः उठले, कधी उठत नसत, तिसऱ्या पिंपाची तोटी स्वतः सोडली आणि वर अर्धा शेर जास्त घातलं. नरसय्याची ती मेलेली मोटार पुढे कितीतरी वर्षं चालली. लोक याला चनबसप्पांचा चांगुलपणा म्हणतात. ज्याला अर्धा शेर तेलासाठी चारचौघांत नागडं व्हायचं असेल त्याने म्हणावं.

घरातही हीच तऱ्हा. त्यांचा मुलगा इरण्णा तिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप. एकदा एका गिऱ्हाइकाला त्याने डोळ्यांनीच खुणावलं, दुसरं घे. चनबसप्पांनी ते पाहिलं. त्या दिवसापासून इरण्णा उजव्या हाताला फिरकला नाही. मोटारीच्या तेलाच्या तोट्यांना कुलपं बसली आणि किल्ल्या बापाच्या कमरेला. इरण्णा डावीकडे उभा राहून बायकांना शेंगदाण्याचं तेल मोजून द्यायचा.

आता माझं सांगतो. मी स्टेशनवर पोती वाहत होतो. मालधक्क्यावरून लॉरीवर गेलो, क्लीनरचा ड्रायव्हर झालो, आणि एका ठेकेदाराची मोठी अमेरिकन मोटार हुज्जत घालून घालून, तीन वेळा उठून जाऊन, पडेल भावात घेतली. सात माणसांची मोटार. मागची बाजू कापली, सुताराकडून बाकं बसवली आणि मोहोळ रस्त्याला धावायला लागलो. या हातांखेरीज माझ्याकडे दुसरं भांडवल नव्हतं. ती मोटार गेली तर मी पुन्हा मालधक्क्यावर, हे मला रोज हँडल मारताना आठवत असे.

टेंभुर्णीचे एक अडते होते, नानासाहेब. त्यांनी मनावर घेतलं की टेंभुर्णीपर्यंतची सगळी लाइन माझ्या हाती द्यायची, पुढे दुसरी मोटार त्यांनी घालायची, भागीदारी निम्मी निम्मी. अट एकच, माझी मोटार ते स्वतः बघणार आणि तिच्यातूनच टेंभुर्णीला जाणार. बघायला आले ते नेमके मी तेल बदलत असताना, चनबसप्पांच्या दुकानात. गादीवर लोडाला टेकून बसले. पान घेतलं. वैशाखाचे दिवस, गिरणीचा दुपारचा भोंगा नुकताच झाला होता.

चनबसप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "माणसं किती भरतो?"

"बारा. परमिट बाराचंच हाय की."

"आणि धूर?"

"धूर सोडायला ती काय म्हातारी हाय व्हय, अण्णा?"

लोक हसले. नानासाहेबही हसले. चनबसप्पा उठून मागे खड्ड्यापाशी गेले. मी त्यांच्या मागून गेलो. त्यांनी परातीत अंगठा बुडवला आणि उन्हात धरला. काळ्या तेलात चांदीच्या भुग्यासारखी कणी चमकत होती. बेरिंगचा पांढरा धातू सुटायला लागला की अशी कणी येते. मला दिसली तर त्यांना दिसली नसेल काय? त्यांनी बोट टेकवून तार ओढली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि अंगठा धोतराला पुसला. मग दुकानात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, एक पट्टी.

इरण्णा शेंगदाण्याच्या डब्यापाशी उभा होता. बाप पाठमोरा झाल्यावर त्याने डब्यावर तीन बोटं टेकवली. मला दिसली. मी घासाघीस करणारा माणूस, निम्म्यावर तरी आणावं म्हणून बोललो.

"अण्णा, उन्हाळा लई हाय. दोन पट्ट्यांचं घातलं तर?"

"नव्या मोटारीला? कशाला, तम्मा?" ते गादीकडे वळले. "नानासाहेब, तुमीच सांगा की. तरण्या पोराच्या हातात काठी कशाला द्यायची?"

नानासाहेबांनी मान हलवली. तोटी सुटली. एका पट्टीचं तेल माझ्या मोटारीत गेलं आणि मी ते जाताना बघत उभा राहिलो.

मोहोळ येईपर्यंत मागे निळा धूर सुटला होता. नानासाहेब पुढे माझ्या शेजारी बसले होते, त्यांनी दोनदा मान वळवून बघितलं. मी बोलत राहिलो, पाऊसपाण्याचं, अडतीचं, तोंडाला येईल ते. मोहोळच्या पुढे चढावर इंजिनातून ठोका ऐकू यायला लागला. आधी बोटाने टकटक केल्यासारखा, मग हातोडीसारखा. मी मोटार थांबवायच्या आत आतून एक दणका आला, पायाखालची फळी हादरली आणि इंजिनाच्या पोटाला भोक पाडून लोखंड बाहेर आलं. रस्त्यावर तेलाची काळी धार लागली. मागे वाटेत चढलेली धरून सगळी माणसं उतरली. नानासाहेब बाजूला बाभळीखाली उभे राहून उतरणारी माणसं मोजत होते. शेवटचा उतरल्यावर माझ्याजवळ आले.

"बाराच्या मोटारीतनं एकोणीस उतरली की हो," एवढंच म्हणाले आणि मागून येणाऱ्या बैलगाडीला हात केला.

दुसऱ्या दिवशी मी चनबसप्पांचं उपरणं धरलं. भरल्या दुकानात. चार जणांनी मला मागे ओढलं. मी म्हणालो, कणी तुमी बघितली होती. ते उपरणं नीट करत होते, आवाज जराही चढला नाही.

"बघितली की. तू बी बघितलीस. तुला सांगता आलं असतं, न्हाय सांगितलंस."

"नानासाहेब बसले होते."

"एकट्यात खरं समदेच बोलतात, तम्मा. त्याला तेल कशाला द्यायचं?"

हे असं बोलणं लोकांना फार आवडायचं. घरी जाऊन बायकोला सांगायचे. माझं म्हणणं मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो. तोंडाने एक पट्टी म्हणायचं आणि हाताने तिसरी तोटी सोडायची, एवढंच त्यांनी करायचं होतं. नानासाहेबांना तेलातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यात चनबसप्पांचं काही जात नव्हतं, उलट दाट तेलाचा भाव चढा होता. एक हात इकडचा तिकडे केला असता तर माणूस तरला असता. त्यांनी तो केला नाही. का केला नाही, याचं एकच उत्तर मला सापडलं आहे. बघायला मजा येते.

मी मालधक्क्यावर परत गेलो. लाइन दुसऱ्याने घेतली, नानासाहेबांची मोटार त्याच्याकडे लागली. मोडलेली मोटार मी फुंकून टाकली नाही. तिचे सुटे भाग विकले, त्यातून दुसरी मोडकी घेतली, तिचे भाग विकले. मोडक्या मोटारींचा धंदा उभा राहिला, मग एक लॉरी, मग दुसरी. शुक्रवार पेठेतून जाताना मी त्या दुकानाकडे बघत नसे. तेल पुण्याहून मागवायचो, महाग पडायचं तरीही.

काही वर्षांनी इरण्णाचा निरोप आला, दुकान आणि एजन्सी द्यायची आहे. चनबसप्पांना साखरेचा रोग जडलाय हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. किती जडलाय ते कोणाला ठाऊक नव्हतं. भाव त्यावरच ठरणार होता. ते धडधाकट असतील तर त्यांना घाई नव्हती, मागतील ते द्यावं लागलं असतं. अंथरुणाला लागले असतील तर इरण्णाला तो धंदा एकट्याने चालवता येत नव्हता, बापानेच त्याला हात लावू दिला नव्हता, आणि मी म्हणेन तो भाव.

मी माडीवर गेलो. चनबसप्पा लोडाला टेकून बसले होते. भस्म ताजं, धोतर पांढरंशुभ्र, मांडीपाशी एक डाग नाही. चैत्राचा उकाडा असून पायांवर शाल होती. चारी कोपऱ्यांत ऊद जळत होता, इतका की डोळे चुरचुरत होते. मी आयुष्यभर नाकाने मोटारी विकत घेतल्या आहेत. जळका क्लच अत्तर शिंपडून झाकलेला असतो तोही मला कळतो. उदाच्या खाली काय कुजत होतं ते मला जिन्यातच कळलं होतं.

ते म्हणाले, तब्येत उत्तम आहे, धंद्याचा कंटाळा आला म्हणून देतोय. मी भाव विचारला. त्यांनी धडधाकट माणसाचा भाव सांगितला. मी काही बोलायच्या आत जिन्यात बूट वाजले आणि डॉक्टर आले, हातात पेटी, कुठूनसे घाईत. बसलेसुद्धा नाहीत. उभ्यानेच विचारलं, गोड बंद आहे ना, चालणं होतंय ना, पायाची जखम सुकली का.

चनबसप्पांनी माझ्याकडे बघितलं.

"गोड बंद. सकाळी तळ्यापर्यंत चक्कर असतीया. पाय सुकला."

डॉक्टर शालीकडे वाकले. चनबसप्पांनी शाल हाताने दाबून धरली आणि हसले, म्हणाले, आत्ताच नवी पट्टी बांधलीय, कोरडी ठणठणीत हाय, परत कशाला सोडायची. डॉक्टरांनी बरं म्हटलं आणि खिशातून कागद काढून औषध लिहायला घेतलं.

इरण्णा दाराशी उभा होता. केस पिकले होते. बापाकडे बघवेना म्हणून तो माझ्याकडे बघत होता.

"दादा," तो म्हणाला, "खाली पान मागवलंय. येता काय जरा? डॉक्टरसाहेबांचं होऊ दे."

मी खाली गेलो असतो तर शाल उघडली गेली असती. तेवढं त्यालाही समजत होतं, मलाही, आणि चनबसप्पांना सगळ्यांत जास्त. त्यांनी शालीवरचा हात सैल केला होता. माझी वाट बघत होते.

"नको," मी म्हणालो. "आत्ताच खाल्लं." आणि लोड जवळ ओढून नीट टेकून बसलो.

डॉक्टरांनी साधं पाचक औषध लिहिलं, कागद इरण्णाच्या हातात दिला, पेटीची कडी लावली आणि गेले. बूट जिन्यावरून खाली वाजत गेले. चनबसप्पा माझ्या तोंडाकडे बघत राहिले, रागाने नाही, नवीन पिंप फोडल्यावर बघत तसे. मग त्यांनी उजवा हात वर केला, कोरड्या अंगठ्यावर बोट टेकवलं, हळूच उचललं, आणि अंगठा पांढऱ्याशुभ्र धोतराला पुसला.